बीटेकनंतर कम्युनिटी कॉलेजात शेतीचा धंदा शिकताना

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, भांडी घासत असाल, जिथं असाल तिथं कान इकडं द्या. आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा सगळा मजकूर खाली देतोय. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' शंभरदा येतं तेवढं काढून टाकलंय.

मागच्या एका एपिसोडमध्ये मी सहज बोलून गेलो की मी सध्या संध्याकाळी अॅग्रिकल्चर बिझनेसचे वर्ग करतोय. त्यावर इतके मेसेज आले की विचारू नका. निम्म्यांचा प्रश्न, "भावा, कोडिंग सोडलंस का?" आणि उरलेल्या निम्म्यांचा, "मी पण करू का? किती पैसे लागतात?" एकानं तर लिहिलं, "एआय आल्यावर सगळे शेतीकडंच जाणार, तू आधी जागा धरतोयस." जागा वगैरे काही धरलेली नाही. नोकरी चालू आहे.

ओळख थोडक्यात. मी मूळचा तासगाव तालुक्यातला, जिल्हा सांगली. बीटेक कॉम्प्युटर. आता कॅलिफोर्नियात फ्रेस्नो शहराजवळ राहतो. सॉफ्टवेअरवाला म्हटलं की लोकांच्या डोक्यात सॅन फ्रान्सिस्को येतं. फ्रेस्नो तिथून गाडीनं तीन तासांवर आहे आणि तिथं सगळीकडं द्राक्ष, बदाम, पीच, संत्री, गाई. मी ज्या कंपनीत आहे ती फळांच्या पॅकिंग हाऊसना सॉफ्टवेअर देते. शेतकऱ्यानं किती माल आणला, त्यातला किती पास झाला, खर्च वजा जाता त्याला किती मिळाले, हे सगळं आमच्या स्क्रीनवर. म्हणजे तासगावातून सात समुद्र ओलांडून मी परत पट्टीच करायला बसलोय! आपल्याकडं अडत्या जी पट्टी हातानं लिहितो ती मी कोडमध्ये लिहितो.

आता आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, कारण या शब्दानं गोंधळ होतो. हे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. बारावी झालेला पोरगा येतो, चाळिशीतली बाई येते, ट्रक ड्रायव्हर येतो. बारावीत किती मार्क होते हे कुणी विचारत नाही. अमेरिकेतलं पहिलं जूनियर कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट इथं निघालं. कॅलिफोर्नियातलं पहिलं १९१० साली निघालं, ते आमच्या फ्रेस्नोमध्येच. आज कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. मधल्या खोऱ्यातल्या बऱ्याच कॉलेजांकडं, म्हणजे रीडली, मर्सेड, मोडेस्टो, व्हिसेलिया-तुलारे या पट्ट्यात, शेतीचे विभाग आहेत, काहींकडं स्वतःची शेतं आणि जनावरंसुद्धा.

फी सांगतो, कारण मला माहितीये तुम्ही त्यासाठीच थांबलाय. कॅलिफोर्नियाचा रहिवासी असाल तर एका युनिटला ४६ डॉलर. एक विषय साधारण तीन युनिटचा, म्हणजे १३८ डॉलर, आपले बारा हजार रुपयांच्या आसपास. वर पुस्तकं आणि किरकोळ फी. राज्याबाहेरच्याला किंवा परदेशी विद्यार्थ्याला याच्या कितीतरी पट पडतं, त्यामुळं १३८ डॉलर ऐकून लगेच पासपोर्ट शोधू नका. साठ युनिट झाले की असोसिएट डिग्री मिळते. २०१० साली कायदा झाला, त्यानुसार ठरलेले विषय करून ही डिग्री घेतली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कुठल्यातरी कॅम्पसला तिसऱ्या वर्षात जागा नक्की मिळते. मला त्याची गरज नाही, मी सुटे विषय करतोय. नोकरीच्या व्हिसावर असताना पार्ट-टाइम वर्ग करता येतात. पण वर्गाबाहेर कुणाच्या शेतात पगारी काम केलं तर व्हिसाची वाट लागेल. तुमचं काय ते तुमच्या वकिलाला विचारा, पॉडकास्टवाल्याला नाही.

विषयांची नावं अशी असतात: शेती व्यवसायाची ओळख, शेतीचं अर्थशास्त्र, शेतीचं अकाउंटिंग, विक्री आणि संवाद, शेतीसाठी कॉम्प्युटर. हा शेवटचा मी घेतला नाही, उगाच आयत्या बिळावर नागोबा कशाला! आणि एक लक्षात घ्या, यात डावणी कशी ओळखायची, जीएचा डोस किती, हे शिकवत नाहीत. ते पीकशास्त्र, त्याचे वर्ग वेगळे. इथं फक्त पैसा, करार, बाजार आणि माणसं.

वर्ग मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ. शिकवणारे सर दिवसा स्वतःच्या बदामाच्या बागेत असतात. बुटाला माती घेऊनच येतात. माझ्या उजव्या बाजूला बसणारी मुलगी मेक्सिकन घरातली, आईबाप दोघंही द्राक्षतोडणीला जाणारे, तिला पुढं पीक विमा कंपनीत जायचंय. मागं एक पंजाबी सरदार पोरगा, घरचा बेदाण्याचा बाग. फ्रेस्नोच्या आसपास पंजाबी द्राक्षबागायतदार चिक्कार आहेत. एक हमोंग काका आहेत. हमोंग म्हणजे लाओसच्या डोंगरातून युद्धानंतर इथं आलेली मंडळी, छोट्या तुकड्यांवर भाजीपाला करतात. तुलारेकडचे दोन पोर्तुगीज आडनावांचे पोरं, घरी शेकड्यानं गाई. आणि मी. ओळख करून देताना मी म्हटलं, "माझ्या भावाची चार एकर द्राक्षबाग आहे." सरदार पोरगा हळूच म्हणाला, "चार? चाळीस?" म्हटलं, चारच.

आता खरं सांगण्यासारखं. अकाउंटिंगच्या वर्गात एक प्रोजेक्ट होतं: एका पिकाचं एका वर्षाचं बजेट करायचं, शक्यतो खऱ्या शेताचं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिस हे लोक पिकवार खर्चाचे तपशीलवार अभ्यास काढतात, फुकट डाऊनलोड करता येतात. बेदाण्याच्या द्राक्षाचाही आहे. त्यात छाटणी किती तास, फवारणी किती, ट्रॅक्टरचं डिझेल किती, इथपासून ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या वेळेची किंमत, जमिनीचा खर्च, गुंतवलेल्या पैशावरचं व्याज, इथपर्यंत ओळी असतात. सर म्हणाले, हा साचा घ्या आणि तुमचं शेत भरा.

मी दादाला फोन केला. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, घरची शेती तोच बघतो. दहावीपासून हिशोबाची वही ठेवतो, निळ्या शाईत. त्यानं तीन वर्षांच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकले. खरड छाटणी, फळ छाटणी, विरळणी, डिपिंग, औषधं, खतं, मजूर, पेट्या, सगळं लिहिलेलं. माणूस व्यवस्थित आहे. मी ते सगळं शीटमध्ये भरलं आणि तीन वर्षांची सरासरी काढली. आकडे दादाच्या परवानगीनं सांगतोय, थोडे गोल करून.

चार एकराचं उत्पन्न १२ लाख ८० हजार. वहीतला खर्च ८ लाख ९० हजार. उरले ३ लाख ९०. वाईट नाही. आप्पा, म्हणजे आमचे वडील, हाच आकडा भावकीत सांगतात.

मग मी औषध दुकानाचं खातं विचारलं. कृषी सेवा केंद्राचं बिल वहीत कमी दिसत होतं. दादा म्हणाला, "ते तू पाठवतोस त्यातनं जातंय की." मी दरवर्षी घरी साधारण दीड लाख पाठवतो. मला वाटायचं घरखर्चाला, आईच्या औषधाला. ते थेट फवारणीच्या औषधाच्या उधारीत जात होते आणि वहीत त्याची ओळच नव्हती. ती ओळ घातली, खर्च झाला १० लाख ४०. उरले २ लाख ४०.

पुढची ओळ घरच्या मजुरीची. दादाचे वर्षाला अडीचशे दिवस धरले, दिवसाला ५०० रुपये, आमच्याकडं गडी माणसाला देतात तसे. वहिनीचे दोनशे दिवस, ३०० प्रमाणे. झाले १ लाख ८५ हजार. उरले ५५ हजार. मग घसारा. बाग उभी करायला अँगल, तारा, ठिबक, रोपं, खड्डे धरून एकरी चार लाख धरा, बाग पंधरा वर्षं चालते असं धरा. चार एकराला वर्षाला १ लाख ७ हजार होतात. पंचावन्नातून एकशे सात वजा करा.

उणे ५२ हजार.

आणि यात जमिनीचं भाडं अजून धरलेलंच नाही.

आपल्याकडं हे नवीन नाही हं. दिल्लीतला कृषी मूल्य आयोग हेच तीन पायऱ्यांत करतो. खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए-टू. त्यात घरच्यांच्या मजुरीची किंमत मिळवली की ए-टू अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज चढवलं की सी-टू. हमीभाव दीडपट द्यायचा म्हणजे यातल्या कशाच्या दीडपट, यावरच तर सगळी आंदोलनं. टीव्हीवर हे शब्द मी दहा वर्षं ऐकत होतो. पण आपल्या वहिनीचं नाव एका ओळीत टाइप करावं लागतं तेव्हा एफएलचा अर्थ कळतो. द्राक्षाला हमीभाव नाही, त्यामुळं आमच्यासाठी ए-टू काय आणि सी-टू काय, सरकार काही देणार नाही. पण हिशोबाची रीत तीच.

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडं रात्री, व्हिडिओ कॉलवर शीट दाखवली. दादा शांतपणे बघत होता. मग म्हणाला, "माझी हाजरी पाचशे धरलीस व्हय?" म्हटलं, हो, गड्याला तेवढीच देतो ना आपण. "गडी पाचला घरी जातोय. रात्री दोनला लाईट आल्यावर मोटार कोण चालू करतंय? डाऊनीच्या टायमाला पाऊस आला की रात्रीत बाग कोण फवारतंय? छाटणीच्या टोळीचा मुकादम हजाराच्या खाली हात लावत न्हाई. मी त्याच्यापेक्षा कमी का?" मी गप्प. खरंतर सरांनीही वर्गात तेच सांगितलं होतं, की शेतकऱ्याच्या देखरेखीची किंमत मजुरीपेक्षा वेगळी धरायची. हजार धरली असती तर तोटा आणखी सव्वा लाखानं वाढला असता. दादाला हे लगेच कळलं आणि तो हसायला लागला. "म्हणजे मी जेवढा भारी, तेवढा तोटा जास्त. चांगलं शिकीवत्यात तुझ्या कॉलेजात."

मागनं वहिनींचा आवाज आला. "भावजी, बेदाण्याच्या शेडवर रात्रीचं मी असते, ते कुठल्या खान्यात घातलंय?" कुठल्याच नव्हतं, कारण वहीतच नव्हतं. त्या दिवशी शीटमध्ये नवीन ओळ आली.

आता हे सगळं नुसतं प्रोजेक्ट म्हणून सोडून देता आलं असतं, मला त्यात ए ग्रेड मिळाली. पण घरी एक निर्णय अडकलाय. बागेतली दोन एकरं जुनी झालीत, खोडं थकलीत, उतारा पडतोय. दादाला ती काढून नवीन लावायची आहे. बँकेत कर्जाची फाईल दिलीये. आप्पांचं म्हणणं, बाग काढली की परत लावायचीच, रान मोकळं ठेवलं तर लोक काय म्हणतील. आणि त्या कर्जाचा हप्ता फेडायचं गणित सगळ्यांच्या डोक्यात एकच, अमेरिकेतला धाकटा आहेच.

इथं अर्थशास्त्राच्या वर्गातली एक गोष्ट कामाला आली. उभी बाग चालवायची का, आणि नवीन बाग लावायची का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उभ्या बागेत अँगल-तारांचे पैसे आधीच गेलेत, ते परत येत नाहीत. त्यामुळं या वर्षीचा हातखर्च निघून वर काही उरत असेल तर बाग चालवणं शहाणपणाचं, भले घसारा धरून तोटा दिसो. दादाच्या बागेत हातखर्च निघतो. म्हणजे उद्या कुऱ्हाड घेऊन जायची गरज नाही. पण नवीन लागण करताना ते चार लाख एकरी अजून खिशात आहेत. तिथं मात्र सगळं धरायला लागतं, घसारा, व्याज, दादाची हाजरी, वहिनींची रात्र. आणि सगळं धरलं की आजच्या भावात ते बसत नाही. दादा म्हणाला, "हे मला आधीच वाटत हुतं, पण तोंडानं म्हणता येत नव्हतं." आप्पा उठून गेले. त्यांचा राग मला समजतो. त्यांनी ही बाग टँकरचं पाणी घालून जगवलीये.

इथं थोडं फ्रेस्नोच्या बेदाण्याबद्दल, कारण तासगाव आणि फ्रेस्नो हे चुलत भाऊ आहेत. आपली थॉमसन सीडलेस हे नाव विल्यम थॉमसन या कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्याचं, १८७० च्या दशकातला माणूस. जात मुळात पश्चिम आशियातली, पण नाव त्याचं लागलं. आपली तास-ए-गणेश ही या थॉमसनमधूनच आपल्या शेतकऱ्यांनी निवडून काढलेली. अमेरिकेतला जवळपास सगळा बेदाणा याच खोऱ्यातून जातो. आपण घड द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर, सावलीत वाळवतो. हे लोक पारंपरिक पद्धतीत घड तोडून दोन ओळींच्या मध्ये कागदावर जमिनीवर पसरतात, कडक उन्हात, दोन-तीन आठवडे. सप्टेंबरात पाऊस आला की यांचीही झोप उडते. सरदार पोरगा सांगत होता, त्याची आजी अजून आकाशाकडं बघून अरदास करते.

वर्गात सगळ्यात जास्त भांडण कशावर झालं असेल तर ते बेदाण्याच्या एका खटल्यावर. ऐका, मजेशीर आहे. १९३७ चा एक कायदा, त्याखाली १९४९ पासून बेदाण्यासाठी एक व्यवस्था आली. भाव पडू नयेत म्हणून एक समिती दरवर्षी ठरवायची की पिकातला किती टक्के माल राखीव ठेवायचा. तो माल समितीच्या ताब्यात. ती तो निर्यात करणार, शाळांना देणार, काहीही. विकून खर्च जाता उरलं तर शेतकऱ्याला. २००२-०३ च्या हंगामात हा राखीव वाटा होता ४७ टक्के. पुढच्या वर्षी ३०. पहिल्या वर्षी त्या मालाचे जे पैसे मिळाले ते उत्पादन खर्चापेक्षा कमी, दुसऱ्या वर्षी शून्य.

फ्रेस्नो काउंटीतल्या मार्विन हॉर्न नावाच्या बागायतदारानं माल द्यायला नकार दिला. सरकारनं ट्रक पाठवले, यानं ते रिकामे परत पाठवले. मग न दिलेल्या बेदाण्याची किंमत म्हणून ४ लाख ८० हजार डॉलरच्या आसपास आणि वर दोन लाखांहून जास्त दंड लावला. खटला सुप्रीम कोर्टात गेला. २०१५ साली निकाल लागला, ८ विरुद्ध १: भरपाई न देता शेतकऱ्याचा माल असा घेणं म्हणजे त्याची मालमत्ता काढून घेणं, घटनेत बसत नाही.

मला वाटलं वर्ग टाळ्या वाजवेल. पण निम्मा वर्ग विरोधात. सरदार पोराचं म्हणणं, त्या राखीव व्यवस्थेमुळं भाव टिकायचा, मोठ्यांना चालेल हो मोकळा बाजार, वीस एकरवाल्यानं काय करायचं? मेक्सिकन मुलगी म्हणाली, सत्तेचाळीस टक्के पगार कुणी कापून घेतला तर तू असंच म्हणशील का? मी त्यांना आपल्या कांद्याचं सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली आणि मे २०२४ पर्यंत बंद ठेवली. यांच्याकडं शेतकऱ्याचा भाव वर राहावा म्हणून माल अडवला, आमच्याकडं ग्राहकाचा भाव खाली राहावा म्हणून. हमोंग काका एवढंच म्हणाले, "दोन्हीकडं माल शेतकऱ्याचाच अडतो." मला स्वतःला हॉर्नची बाजू पटते. पण सरदार पोराला मी अजून धड उत्तर देऊ शकलेलो नाही.

आता एक कायदा ज्यानं माझी झोप उडवली. नाव लांबलचक आहे, पेरिशेबल अॅग्रिकल्चरल कमोडिटीज अॅक्ट, १९३०. इथं सगळे 'पाका' म्हणतात. ताजी फळं-भाजी घाऊक विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला केंद्र सरकारच्या कृषी खात्याचा परवाना लागतो. आधी लेखी वेगळं ठरलं नसेल तर माल स्वीकारल्यापासून १० दिवसांत पैसे द्यायचे. आणि १९८४ साली त्यात एक भारी दुरुस्ती केली: जोपर्यंत शेतकऱ्याचे पैसे दिलेले नाहीत तोपर्यंत तो माल, त्यापासून बनवलेला माल आणि तो विकून येणारे पैसे, हे व्यापाऱ्याकडं शेतकऱ्याची ठेव म्हणून असतात. व्यापारी बुडाला तर बँकेच्या आधी शेतकऱ्याचा हक्क. अट एवढीच की बिलावर ठरलेली ओळ छापलेली असावी किंवा वेळेत नोटीस दिलेली असावी.

बँकेच्या आधी शेतकरी! मी ते वाक्य दोनदा वाचलं.

कारण चार वर्षांपूर्वी आमच्या बागेतून एका व्यापाऱ्यानं माल नेला. पहिल्या दिवसाचे पैसे रोख, दादाच्या हातात. दुसऱ्या दिवशी "उद्या देतो". तिसऱ्या, चौथ्या दिवशी तोड चालूच. पाचव्या दिवशी फोन बंद. २ लाख ८० हजार. आमच्या एकट्याचे नाहीत, त्या शिवारातल्या अनेकांचे गेले. पोलीस ठाण्यात गेलं तर विचारतात, करार कुठाय? करार कुठला, शिवारात उभं राहून पेटीला अमुक रुपये असं ठरतं. द्राक्ष पट्ट्यातल्या प्रत्येक गावात अशी एक तरी गोष्ट तुम्हाला मिळेल. तो कायदा आपल्याकडं नाही, आणि मी एकटा तो आणू शकत नाही. पण वर्गानंतर दादाला एक गोष्ट करायला लावली. आता प्रत्येक तोडीला छापील पावती, त्यावर वजन, भाव, पैसे कधी, आणि व्यापाऱ्याची सही, आधार नंबर, गाडीच्या नंबरचा फोटो. पहिल्या वर्षी एक व्यापारी सही मागितल्यावर निघून गेला. दादा म्हणाला, गेला ते बरं झालं.

माल हिरवा विकायचा का बेदाणा करायचा, हे गणितही याच्याशी जोडलेलं आहे. आमच्याकडं द्राक्षाचा भाव चार किलोच्या पेटीवर ठरतो, आणि साधारण सव्वाचार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. म्हणून गावात सोपा हिशोब लावतात: पेटीचा भाव एका बाजूला, बेदाण्याच्या किलोचा दुसऱ्या. समजा पेटी १४० ला जातेय आणि बेदाणा १८० ला. चाळीस रुपये फायदा? थांबा. द्रावण, शेड, मजूर, निवडणी, कोल्ड स्टोअरेज, अडत मिळून किलोला समजा ३५ गेले. राहिले १४५. तेही सव्वाचार किलोमागं, म्हणजे चार किलोला १३६ च्या आसपास. झालं की नाही सारखंच? आणि हे पैसे तीन-चार महिन्यांनी येणार, तोवर सोसायटीचं व्याज चालू. पण हिरव्या मालाला व्यापारी म्हणेल त्या दिवशी तोडावं लागतं, बेदाणा थांबू शकतो. थांबता येण्याची किंमत किती धरायची, हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "तुझ्याकडं किती वेळा पैसे बुडालेत त्यावर अवलंबून आहे." दादानं गेल्या हंगामात निम्मा माल बेदाण्याला घातला.

सहकाराचा तास मात्र आपला होता. सनमेड ही बेदाण्याची सहकारी संस्था १९१२ ची, बदामवाल्यांची ब्लू डायमंड १९१० ची. १९२२ साली कॅपर-वोल्स्टेड कायदा आला, त्यानं शेतकऱ्यांना एकत्र येऊन माल विकायची मुभा दिली, नाहीतर मक्तेदारीविरोधी कायद्यात अडकले असते. सरांनी विचारलं, इतर देशातली उदाहरणं? मी प्रवरानगर सांगितलं, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना, पन्नास सालच्या सुमाराचा. ऊस घातल्यावर पहिली उचल, मग दुसरा हप्ता, हे समजावलं. पोर्तुगीज पोरगा म्हणाला, आमच्या दूध संघात वर्षाअखेर वाटप होतं ते असंच. मग त्यानं विचारलं, मग तुमच्याकडं द्राक्षासाठी का नाही? म्हटलं, आहे, निर्यातीसाठी १९९१ पासून महाग्रेप्स आहे. पण माझ्या गावातली बहुतेक पेटी अजून शिवारातच विकली जाते. का, याचं उत्तर द्यायला तास पुरला नाही. कारखान्यांचं पुढं काय झालं हेही मी सांगितलं नाही. परक्या घरात आपली सगळीच भांडी काढून दाखवायची नसतात.

ज्यांना हे शिकायचंय पण अमेरिकेत यायचं नाही, त्यांच्यासाठी. त्यासाठी येऊही नका. पुण्यात वैकुंठ मेहता संस्थेत, म्हणजे वॅम्निकॉममध्ये, कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा कोर्स आहे. हैदराबादला मॅनेज, जयपूरला नियाम, आणंदला इर्मा. या जागा पदवीनंतरच्या, स्पर्धा आहे, फी जास्त आहे. शेती करता करता शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ शेतीचे कोर्स चालवतं. माझी तक्रार एवढीच, की माझ्या वर्गातल्या हमोंग काकांसारखा माणूस, वय पंचावन्न, इंग्रजी जेमतेम, दिवसभर शेतात राबून संध्याकाळी अकाउंटिंग शिकायला येतो, त्याच बाकावर वीस वर्षांची पोरगी असते. तासगावात दादासाठी अशी खोली नाही. त्याच्यासाठी जे मेळावे होतात त्यात औषध कंपन्या टोपी वाटतात आणि जेवण देतात.

म्हणून आम्ही आता एक करतोय. दर रविवारी दादा, वहिनी, शेजारच्या बागेतले दोघं आणि मी कॉलवर. मी मंगळवारी जे ऐकलं ते मराठीत सांगतो, ते आपापल्या वह्या उघडतात. पहिल्या दिवशी घसारा हा शब्द समजवायला पाऊण तास लागला. शेवटी वहिनींनी सोडवलं: "भिशी. बाग मरायच्या आधी नव्या बागेची भिशी भरायची." मी तो शब्द आता वर्गातही वापरतो, मेक्सिकन मुलीनं सांगितलं त्यांच्याकडं भिशीला तांदा म्हणतात.

पुढच्या सेमिस्टरला शेतीच्या विक्रीचा विषय घेतोय. कर्जाची फाईल अजून बँकेत आहे. दादानं मॅनेजरकडं मार्चअखेरपर्यंत मुदत मागितलीये, आणि दोनऐवजी एकच एकर लावली तर काय, अशी दुसरी शीट मला करायला सांगितलीये. आप्पा माझ्याशी बोलतात, पण बागेबद्दल नाही, हवापाण्याबद्दल. काय ठरतंय ते सांगेन, दादानं परवानगी दिली तर. शीटचा कोरा नमुना हवा असेल तर मेसेज करा, मराठीत केलाय. घरच्या मजुरीची ओळ त्यात सगळ्यात वर घातली आहे, आणि रात्रीच्या कामाला वेगळा खाना.